मण्यार, बडवा आणि खाट : सातपुड्यातल्या एका पाड्याचं प्रकरण

नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी-अक्कलकुव्याचा डोंगराळ पट्टा आहे ना, तिथल्या एका पाड्याचं हे प्रकरण. पाड्याचं नाव देत नाही, माणसांची पण नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदललेत, कारण यात एका विधवा म्हातारीचा जीव अडकलेला होता आणि ती आजही तिथंच राहते. आरोग्याचं किंवा जंगल-शेतीचं काम करणाऱ्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

वस्ती पावरा आणि भिल्ल. घरं एका जागी नाहीत, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, या टेकडीवर दोन, नाल्यापलीकडं चार, वरच्या फळीत, म्हणजे वरच्या वस्तीत, आठ-दहा अशी. त्यामुळं "गावाला सांगितलं" हे वाक्य कागदावर लिहायला सोपं असतं पण तसं काही झालेलं नसतं, चार घरांना सांगितलेलं असतं. बोली पावरी. मराठी कळते ती शाळेत गेलेल्या पोरांना आणि बाजारहाट करणाऱ्या पुरुषांना, घरातल्या बायांना कामापुरती. मोबाईलला रेंज फक्त एका टेकडीवर. डांबरी रस्ता गाठायला पायी दीड-दोन तास, पावसात नाला भरला की किती ते सांगता येत नाही. पेशंट न्यायचा तर झोळीत, म्हणजे एका दांड्याला चादर किंवा गोधडी बांधायची आणि दोघांनी खांद्यावर घ्यायची. दिवाळीनंतर अर्धी घरं गुजरातला आणि ऊसतोडीला जातात ती होळीला परत येतात, काही होळी करून पुन्हा जातात ते थेट पाऊस लागायच्या वेळी.

घराची रचना सांगणं गरजेचं आहे कारण सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं. भिंती बांबूच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या, वर कौलं. आत एका अंगाला गुरं, एका अंगाला चूल, आढ्याला मक्याची कणसं, कोपऱ्यात कणगी, भिंतीला लागून सरपण. खाट असते एक, फार तर दोन. तिच्यावर म्हातारा माणूस किंवा पाहुणा झोपतो. बाया आणि पोरं खाली जमिनीवर. दाणा आहे तिथं उंदीर येणार, आणि उंदीर आहे तिथं साप येणार. मण्यार रात्री हिंडणारा साप, उंदीर खातो, दुसरे साप पण खातो, आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की कोरड्या जागेत येतो. तो चावतो तेव्हा फारसं दुखत नाही, सूज येत नाही, दात इतके बारीक की खूणही पुष्कळदा दिसत नाही. जमिनीवर झोपलेलं पोर कूस बदलतं, अंगाखाली साप येतो, चावतो, आणि पोर परत झोपतं.

२००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. बहुतेक जण खेड्यातले आणि बरेचसे घरीच गेलेले, दवाखान्याचं दार न बघता. हा पाडा त्या आकड्यात कुठं मोजला गेला असेल असं मला वाटत नाही, कारण इथं ज्या मृत्यूंना साप हे कारण होतं त्यांना साप हे नावच मिळालं नव्हतं.

त्या रात्री

श्रावणाच्या सुरुवातीचे दिवस, दोन दिवस झड लागलेली. दहा-अकरा वर्षांची मुलगी पहाटे उठली, पोट दुखतंय म्हणाली. आईनं ओवा दिला. उलटी झाली. मग म्हणायला लागली की घशात काहीतरी अडकलंय, गिळता येत नाही. उजाडेपर्यंत तिच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या, आई हाक मारायची तर ती ऐकत होती पण डोळे उघडत नव्हते. वडलांनी बडव्याला आणलं. बडवा म्हणजे मंत्र-उपचार करणारा, पाड्यातला फार मानाचा माणूस. त्यानं दाणे टाकून पाहिले, मंत्र म्हटले, दोरा बांधला. यात दोन-अडीच तास गेले. मग झोळी निघाली, नाल्याला पाणी होतं म्हणून वरून वळसा, आणि डांबरी रस्त्याच्या अलीकडं मुलीचा श्वास थांबला. शेवटपर्यंत ती शुद्धीवर होती असं तिच्या चुलत्यानं सांगितलं. हे ऐकायला फार अवघड आहे पण मण्यारीच्या विषात तसंच होतं, नसांकडून स्नायूंना जाणारा हुकूम तुटतो, पापण्या, गिळणं आणि शेवटी श्वास, सगळं बंद पडत जातं, आणि माणसाला सगळं कळत असतं.

अंगावर खूण नव्हती. साप कुणी पाहिला नव्हता. त्यामुळं साप हा विषयच निघाला नाही. तिसऱ्या दिवशी कुजबूज सुरू झाली की नाल्यापलीकडच्या म्हातारीनं त्या पोरीला आदल्या दिवशी काकडी दिली होती, पोट त्यामुळंच दुखलं, आणि ती बाई काही बरी नाही. डाकीण, म्हणजे करणी करून माणसं मारणारी बाई, हा शब्द अजून मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता, पण या भागात ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक आहे की कुजबुजीपासून त्या शब्दापर्यंत जायला फार दिवस लागत नाहीत आणि त्यानंतर बाईला घर सोडावं लागतं किंवा त्याहून वाईट होतं.

अडचण नेमकी कुठं होती

तालुक्याच्या बैठकीत हे निघालं तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती, की लोकांमध्ये जागृती नाही, अंधश्रद्धा आहे. मला हे अपुरं वाटतं. त्या पाड्यात सापाबद्दल ज्ञान भरपूर होतं. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे उडतात, त्यांच्या मागं बेडूक, बेडकांच्या मागं साप, हा क्रम तिथल्या पोरांनाही पाठ. धामण कुठं असते, नाग कोणत्या वारुळात, फुरसं कोणत्या दगडी उतारावर, घोणस गवतात कशी शिट्टीसारखा आवाज करते, सगळं माहीत. फक्त रात्री न दुखता चावणारा साप आणि सकाळी दुखणारं पोट या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, आणि तेवढ्या एका जागी पोरगी गेली.

दुसरी अडचण बडव्याच्या यशाची. बडव्याकडं आलेले सर्पदंशाचे बहुतेक पेशंट खरंच बरे होतात. कारण बहुतेक साप बिनविषारी, धामण, कवड्या, दिवड, तस्कर, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला अनुभव बडव्याच्या बाजूचा आहे. "मंत्रानं काही होत नाही" असं बाहेरच्या माणसानं येऊन सांगितलं तर ऐकणारा मनात म्हणतो, माझा भाऊ तर बरा झाला की. आणि त्याचा भाऊ खरंच बरा झालेला असतो.

तिसरी, अंतराची. उपचार आहे तो म्हणजे प्रतिविष, इथं सगळे लसच म्हणतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालते, घोड्याच्या शरीरात थोडं थोडं विष टोचून बनवतात, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. पण लस जिथं आहे तिथं पोचायला हवं आणि मण्यारीच्या केसमध्ये लस वेळेत नाही मिळाली तर श्वास चालू ठेवणारं मशीन लागतं, ते आणखी लांब. म्हणजे बडव्याकडं गेलेले दोन-अडीच तास हेच जगण्या-मरण्यामधले तास होते.

काय काय पर्याय समोर होते

बैठकीत शाळेचे मास्तर, आशाताई, आरोग्य केंद्रातला एक तरुण डॉक्टर, तालुक्यात अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा एक कार्यकर्ता आणि आम्ही दोघं-तिघं होतो. वाद बराच झाला.

पहिलं सुचलं ते पोस्टर. छापील, मराठी, चार सापांचे फोटो, काय करावं काय करू नये. स्वस्त आणि लगेच होणारं. आशाताई म्हणाल्या की आधीची पोस्टरं बायांनी कणगीचं तोंड झाकायला घेतली, मजबूत कागद असतो. त्यातून मराठी वाचणार कोण? पोस्टर शाळेपुरतं ठेवलं.

दुसरं कायद्याचं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. कार्यकर्त्याचं म्हणणं होतं की बडव्यावर तक्रार करा, एकदा जरब बसली की पुढची पोरगी वाचेल. त्याची तळमळ खरी होती, त्यानं असे मृत्यू आमच्यापेक्षा जास्त पाहिलेत. पण मास्तरांनी विचारलं की बडव्यानं रोखलं का? रोखलं नव्हतं, त्याला बोलावलं गेलं आणि तो आला. आणि तक्रार झाली असती तर पुढच्या वेळी लोक बडव्याकडं गेलेच असते, फक्त लपून, आणि आशाताईला कुणी कळवलं नसतं. कायदा हाताशी ठेवायचा तो म्हातारीसाठी असं ठरलं, कारण कुणाला करणी करणारी म्हणून जाहीर करणं हेही त्याच कायद्यात येतं. पोलीस पाटलाला ही माहिती शांतपणे देऊन ठेवली, धमकी म्हणून नाही.

तिसरं शिबिर. डॉक्टर येतील, भाषण देतील, प्रश्नोत्तरं. डॉक्टर स्वतःच म्हणाला की मी येईन पण मला पावरी येत नाही आणि माझ्या शेजारी बसून कुणी भाषांतर केलं की लोक माना हलवतात आणि उठून जातात.

चौथा पर्याय मास्तरांचा, ते स्वतः पावरा आहेत. म्हणाले, आधी बडव्याला विचारू या. सांगायचं नाही, विचारायचं. कार्यकर्ता यावर नाराज झाला, बडव्याला मान दिला म्हणजे मंत्राला मान दिला असं त्याला वाटलं, आणि ही शंका फेटाळून लावण्यासारखी नव्हती. शेवटी दोन अटींवर ठरलं, मंत्रानं विष उतरतं असं आपल्यापैकी कुणी कधीही म्हणणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात एकही पेशंट बडव्याकडं थांबून राहिला तर हा मार्ग सोडायचा.

बडव्याच्या अंगणात

मास्तर आणि आम्ही गेलो तेव्हा तो टोपली विणत होता. मास्तर त्याला बाबा म्हणतात. पहिल्या बैठकीत मुलीचा विषयच काढला नाही, साप कोणकोणते ओळखता एवढंच विचारलं, आणि तो तासभर बोलला. दुसऱ्या वेळी मास्तरांनी विचारलं, "बाबा, कोणता पेशंट आला की तुम्हाला आतून कळतं की हा आपल्या हातानं फिरणार नाही?"

तो बराच वेळ गप्प होता. मग पावरीत म्हणाला, ज्याच्या पापण्या पडतात तो माझ्याकडून कधी परत फिरला नाही. माझ्या वडलांकडूनही नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. कित्येक वर्षांपासून माहीत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरला हे सांगितलं तर तो म्हणाला की हे तर आमच्या पुस्तकातलं पहिलं लक्षण आहे. त्यानंतर डॉक्टर मास्तरांबरोबर तिथं गेला, आणि पोट दुखणं, उलटी, घसा, पापण्या, श्वास हा क्रम त्यानं आणि बडव्यानं मिळून लावला. मण्यारीचं नाव डॉक्टरनं घेतलं, बडव्यानं त्या सापाचं पावरी नाव सांगितलं आणि म्हणाला की हा साप आम्ही गरीब समजतो, दिवसा तो काहीच करत नाही, वेटोळं करून तोंड लपवतो.

इथं एक खरा पेच आला. बडवा म्हणाला, पापण्या पडल्या की मी लगेच पाठवीन. पण पापण्या पडेपर्यंत थांबायचं म्हणजे उशीरच, त्या रस्त्यावर तर नक्कीच. डॉक्टरचं म्हणणं होतं की प्रत्येक दंश, आणि पावसाळ्यात रात्री झोपेतून उठून पोट दुखलं-घसा धरला अशी प्रत्येक तक्रार, लगेच निघायला हवी, साप दिसो न दिसो. बडव्याला हे पटायला वेळ लागला, कारण मग त्याच्याकडं थांबणारं कुणी उरत नाही. तोडगा शेवटी त्यानंच काढला. मंत्राला जागा लागत नाही, तो म्हणाला, मी झोळीबरोबर चालीन. बोलावणं आलं की मी घरी बसणार नाही, वाटेवर म्हणीन.

कार्यकर्त्याला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. मला विचाराल तर त्या दिवशी घेतलेला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता.

बायांच्या बैठकीत

आशाताईंनी बायांचं वेगळं घेतलं, मका सोलायच्या वेळी, हात चालू आणि तोंड चालू. त्यांनी सरळ तो क्रम सांगितला, पोट, उलटी, घसा, पापणी, आणि विचारलं की असं आधी कुणाचं झालंय का. एक आजी म्हणाली माझा भाऊ असाच गेला, मी लहान होते. दुसरीनं नणंदेचं सांगितलं. मग तिसरीनं. आणि मग पहिली आजी सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, तेव्हा पण एका बाईचं नाव घेतलं होतं आणि ती बाई माहेरी जाऊन मेली.

त्यानंतर त्या म्हातारीबद्दलची कुजबूज कमी झाली. मुद्दाम कुणी तिची बाजू घेतली नव्हती, काकडीचा विषयही काढला नव्हता. आशाताईंचा हा निर्णय फार विचारपूर्वक होता, डाकीण नसते असं भाषण केलं असतं तर पहिल्यांदा मोठ्यानं तो शब्द त्यांच्याच तोंडून गेला असता. त्यांनी फक्त मृत्यूला खरं कारण दिलं.

झोपण्याचा विषयही बायांनीच काढला. खाटेवर झोपलं तर मण्यार सहसा चढत नाही, वर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचली तर आणखी चांगलं, मलेरियाचंही निभावतं. पण खाट एक आणि ती सासऱ्याची. एक सून म्हणाली, आम्ही मागितली तर घरात भांडण होईल. मग खाट मागायची नाही, बांबूचा माचा करायचा, हातभर उंच, लांबलचक, त्यावर चार पोरं आणि आई मावतात असा, हे ठरलं. बांबू घरचा. पुरुषांनी लाह करून, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या घरी जाऊन काम करायची जी जुनी पद्धत आहे तिनं, होळीनंतर माचे केले. सगळ्या घरी झाले नाहीत, पण बऱ्याच घरी झाले. सरपण भिंतीपासून लांब हलवणं, कुडाच्या खालच्या फटी लिंपणं, कणगी दगडांवर उचलून ठेवणं हे बायांनी आपणहून केलं. धामण दिसली की मारायची नाही, ती उंदरांना पुरून उरते, हे म्हाताऱ्यांनीच पोरांना पुन्हा सांगायला घेतलं.

आवाज कसा पोचवला

हा निरोप पोचवायला होळीच्या आधीचे दिवस निवडले, कारण तेव्हा बहुतेक जण घरी असतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आजूबाजूचे सगळे पाडे उतरतात, आणि बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं असतात, पोरांची तिथं रांग लागते. मास्तरांनी बडव्याच्या आणि त्या आजीच्या आवाजात पावरीत चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. दुकानदाराला म्हटलं की गाण्यांच्या फोल्डरमध्ये हेही टाकत जा. तो तयार झाला, पैसे घेतले नाहीत. रेंज लागत नाही तिथंही मग ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेलं.

रेकॉर्डिंगमध्ये काय होतं ते थोडक्यात. दोरीनं आवळू नका, ब्लेडनं कापू नका, चोखू नका, साप पकडायला जाऊ नका. चावलेल्यानं चालायचं नाही. हात-पाय मोडल्यावर जशी बांबूची पट्टी बांधतो तशी सैल बांधा. झोळीत मान दुमडते आणि लाळ घशात जाते म्हणून एका कुशीवर ठेवा, जमलं तर खाट उलटी करून तिच्यावर न्या. एक माणूस आधी टेकडीवर पळू दे, तिथून १०८ ला आणि जीपवाल्याला फोन. तिघा जीपवाल्यांचे नंबर शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिले. पैशांची भीती असते म्हणून एका शहाद्याकडच्या जीपवाल्याचं बोलणंच आत घेतलं, तो अहिराणीत म्हणाला होता, "पैसास्नं मंग देखूत, पयले पेशंटले बसाडा." लोकांना तेच वाक्य सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

डॉक्टरनं त्याच्या बाजूनं एक कामाची गोष्ट केली. कुठल्या दवाखान्यात लस कायम असते आणि श्वासाचं मशीन कुठं आहे हे विचारून एका कागदावर लिहून आशाताईंना दिलं, म्हणजे जीप उगाच रिकाम्या दारात थांबणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात

तीन घटना झाल्या.

पहिली एका तरुणाची, संध्याकाळी बांधावर काळपट काहीतरी चावलं. अर्ध्या तासात निघाले. दवाखान्यात रात्रभर ठेवलं, काही झालं नाही, घोणस-फुरशाचं विष आहे का बघायला काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून बघतात तेही केलं, रक्त नीट गोठलं. सकाळी घरी. पाड्यात काही जण म्हणाले उगाच नेला, शंभर कामं राहिली. त्या वेळी बडवा बोलला की असंच न्यायचं.

दुसरी एका बाईची, रात्री शेतातल्या खोपटात राखणीला जमिनीवर झोपलेली. मध्यरात्री पोट दुखायला लागलं आणि तिच्या दिरानं रेकॉर्डिंग ऐकलेलं होतं. खाट उलटी केली, बडवा बरोबर चालला, जीप रस्त्यावर तयार होती. दवाखान्यात पोचली तेव्हा पापण्या पडायला लागल्या होत्या. लस दिली, तरी श्वास कमी पडला, पुढं मोठ्या ठिकाणी हलवलं, वाटेत फुग्यानं श्वास देत नेलं, काही दिवस मशीनवर होती. घरी आली. तिला तीन पोरं आहेत.

तिसरी वरच्या फळीतली. गवत कापताना म्हाताऱ्याच्या पायाला घोणस चावली, घरच्यांनी दोरीनं करकचून आवळलं आणि ब्लेडनं कापलं, निघाले उशिरा. वाचला, पण पाऊल सडलं, दोन बोटं काढावी लागली. त्या फळीतली माणसं भोंगऱ्याला आलीच नव्हती, ती कामावरून थेट पावसाला परतली होती.

नाल्यापलीकडची म्हातारी तिच्या घरीच आहे. तिच्या हातचं पाणी काही जण अजून घेत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

लस दिल्यावर काही पेशंटना थंडी वाजते, अंगावर पित्त उठतं, कधी जास्त त्रासही होतो, डॉक्टरकडं त्यावर इंजेक्शन तयार असतं. हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. त्या बाईला थंडी वाजायला लागली तेव्हा नातेवाईक घाबरले, औषधानंच बिघडलं म्हणाले, आणि तिला उठवून न्यायची भाषा सुरू झाली. दीर अडून बसला म्हणून निभावलं. हे आधी सांगणं अगदी शक्य होतं. तसंच लहान पोराला लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण साप विष माणूस बघून कमी-जास्त सोडत नाही, हेही सांगायला हवं होतं. नाहीतर एवढ्याशा पोराला इतक्या बाटल्या बघून आई-बाप घाबरणारच.

बायांची बैठक बडव्याच्या आधी व्हायला हवी होती असं आशाताईंचं मत आहे आणि मला ते पटतं. कोण कुठं झोपतं हे त्यांनाच माहीत होतं. ते आधी कळलं असतं तर माच्यांचं काम होळीनंतर घाईत न होता दिवाळीतच सुरू झालं असतं, आणि शेतातल्या खोपटाचा विचारही झाला असता. घरातली जमीन सगळ्यांनी पाहिली, राखणीच्या खोपटाची कुणी पाहिली नाही.

आश्रमशाळांचा विचार पूर्णपणे राहून गेला. पाड्यातली मोठी पोरं तिथं असतात आणि पलंग कमी पडले की गाद्या खाली येतात.

कायद्याचा रस्ता घ्यायला हवा होता का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बडवा वेगळ्या स्वभावाचा असता, पैसे उकळणारा असता किंवा पेशंट अडवून ठेवणारा असता, तर मीही तक्रारीच्या बाजूनं उभा राहिलो असतो. म्हणून हा मार्ग दुसऱ्या पाड्यात जसाच्या तसा उचलू नका, आधी तिथल्या माणसाला भेटा.

सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट स्थलांतराची. ऊसतोडीच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, माणसं उघड्या जमिनीवर झोपतात, पहाटे अंधारात फडात शिरतात आणि उसाच्या पाचटात घोणस असते. तिथं ना आशाताई असतात ना टेकडीवरचा फोन, आणि जवळचा दवाखाना कुठला हे टोळीतल्या कुणालाच माहीत नसतं. आता दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या आधी मुकादमाशी बोलायचं ठरलंय, कारखान्याजवळ लस असलेला दवाखाना कुठला ते आधी विचारून त्याचा नंबर प्रत्येक टोळीतल्या दोन बायांच्या फोनमध्ये घालून द्यायचा, आणि रेकॉर्डिंगमध्ये लस दिल्यावरच्या थंडीचा भाग जोडायचा. एका मुकादमानं होकार दिलाय. बाकीच्यांकडं मास्तर आणि त्या बाईचा दीर पोळा झाल्यावर जाणार आहेत.